प्रत्येक दृश्यात दालिसाय रिएगो

११ जून १९५७, मनिला

आम्बो येऊन गेला. निरोप्या पाठवला नाही, खाली गाडीत बसून हॉर्न वाजवला नाही. स्वतः जिना चढून वर आला. हातात एनसायमादाचा डबा. त्या गोड पावांवर लोणी-साखर इतकी थापलेली की पुठ्ठ्यावर डाग उमटले होते. माणूस काहीतरी मागायला आलाय हे डबा बघूनच कळतं.

मी केसांना खोबरेल चोपडून बसले होते. तरी दारातूनच म्हणाला, "मिस रिएगो, तुम्ही अगदी तश्शाच आहात."

"खोटं बोलायला अजून नीट शिकला नाहीस. बस."

मी नायिका होते तेव्हा हा आम्ब्रोसिओ प्रत्येक शॉटच्या आधी माझ्या तोंडापुढे पाटी आपटायचा. आता तो दिग्दर्शक, सगळा स्टुडिओ त्याला 'दिरेक' म्हणतो. मी आम्बोच म्हणते.

"चित्रपट काढतोय. तुमच्याशिवाय होणार नाही."

"आईची कामं मी करत नाही, हे तुला माहीत आहे. मावशी, आत्या, मठातली मोठी सिस्टर, काही नाही."

"मुलांमागे धावायचं, भात ढवळायचं, खोकत खाटेवर पडायचं, असलं काही नाही. देवाशपथ." त्याने खरंच छातीवर क्रूस काढला. "सगळं चित्र तुमच्या चेहऱ्यावर उभं आहे. तुमच्याशिवाय एक दृश्य नाही. फक्त बाई सव्वीसची दिसायला हवी. दिसाल?"

"कुया बर्तिंग आहे ना अजून तिथे?"

"आहे. फोटो तोच काढणार."

"मग दिसेन."

तो गेल्यावर घरमालकीण आलिंग इस्का वर आली. हिच्या घराच्या भिंती म्हणजे नुसता पडदा; तिने सगळं ऐकलेलंच होतं. डब्यातला एक पाव उचलून म्हणाली, "हिरो कोण आहे गं?"

विचारायचं राहूनच गेलं की. गोष्टसुद्धा विचारली नाही. पण आमच्या काळी कुठे विचारायचो? बोलावलं की जायचं.

१३ जून

झोप लागत नाही, म्हणून जुनं आठवत बसते.

मालाबोनच्या मे महिन्याच्या मिरवणुकीत मला राणी एलेना केलं होतं. तिथे स्टुडिओचा माणूस मासळी घ्यायला आलेला. आपोलोनिया हे नाव पोस्टरवर मावेना, म्हणून दालिसाय रिएगो झाले. घरच्यांसाठी पोलिंगच राहिले. मग लढाई आली, फिल्म मिळेना, तर थिएटरात उभं राहून नाटकं केली. भोंगा वाजला की प्रेक्षक आणि आम्ही एकाच खड्ड्यात. लढाई संपली तेव्हा शहरात उभ्या भिंती थोड्याच राहिल्या होत्या, आणि त्यांच्यावर लोकांनी माझा फोटो लावला होता. कुया बर्तिंगने काढलेला; सगळे त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणतात. चर्चच्या दारात मेणबत्त्यांबरोबर विकायचे. तेव्हा रस्त्याने चालणं मुश्कील होतं.

आणि मी काय केलं? लग्न केलं. इलोइलोच्या साखरवाल्याशी. दोन वर्षांत कळलं की त्याचं आणखी एक घर आहे. तिसऱ्या वर्षी कळलं की ते घर आधीपासूनचं होतं. 'आणखी एक' होते ती मीच. परत आले तेव्हा पस्तिशीची होते आणि मला जो तो आईच करायला निघाला होता. तेव्हापासून जिना चढून कुणी आलं नव्हतं.

रेडिओवर मात्र सासू करते. तिथे चेहरा दिसत नाही.

२० जून

आज फोटो काढला.

त्या खोलीचा वास तसाच आहे, तापलेल्या दिव्यांचा आणि औषधांचा. कुया बर्तिंग वाकलाय, हात मात्र थरथरत नाहीत. आम्बोने पांढरा तेर्नो आणून ठेवलेला, मोठ्या फुलपाखरी बाह्यांचा. दागिने नकोत म्हणाला. हसूही नको. "हसू आलंय, पण ओठांपर्यंत पोचलं नाही, तेवढंच."

कुया बर्तिंग म्हणाला, "माझ्याकडे नको बघूस, पोलिंग. माझ्यामागे एक लहानगं उभं आहे असं समज. काहीतरी सांगायचंय त्याला आणि धीर होत नाही. त्याच्याकडे बघ."

मी बघितलं. मला इतकं सोपं कधीच गेलं नव्हतं. मान वळवायची कशी, प्रकाश गालाच्या हाडावर कुठे घ्यायचा, सगळं अंगात तसंच होतं. वाटलं, इलोइलोहून परतल्यापासूनची ही सहा वर्षं दुसऱ्याच कुणाची होती.

आम्बो म्हणाला, "दाराएवढी मोठी छापायची. काळ्या चौकटीत." म्हणजे स्टुडिओच्या दर्शनी भागात लावणार! पूर्वी तिथे माझी तसबीर होती, पण एवढी मोठी नव्हती.

तो बाहेर गेल्यावर कुया बर्तिंगने विचारलं, "आम्बोने तुला सगळं सांगितलंय ना?"

"सगळं."

"आणि तुझी ना नाही?"

"ना कशाला असेल? ह्याचीच तर वाट बघत बसले होते."

त्याने कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. म्हातारा झालाय बिचारा. नजर जुळवायला वेळ लागतो.

निघताना मी म्हटलं, सुरकुत्या तुझ्या त्या बारीक पेन्सिलीने घालव. तो म्हणाला, "घालवाव्या लागणारच आहेत. पण मला आवडल्या होत्या." तो माझ्यावर मरायचा की काय एके काळी, कोण जाणे.

२ जुलै

रेडिओ सोडला. कार्यक्रमाच्या साहेबाला तोंडावर सांगितलं, "तुमच्या सासूला आता वेळ नाही. ती परत सव्वीसची झालीय." तो हसला नाही. म्हणाला, "विचार करा, मिस रिएगो. काम धड हातात आलं की मग सोडा." मत्सर, दुसरं काय.

१४ जुलै

संवाद अजून आले नाहीत. गाडीही नाही. आम्बो कामात असेल.

आरशापुढे सव्वीसच्या बाईसारखी उठते, बसते, वळते. खाली आलिंग इस्का ओरडते, "पोलिंग, वर काय म्हैस पाळलीयेस का?"

२४ जुलै

आज स्टुडिओत गेले होते. मी मेलेली आहे.

२८ जुलै

लिहावं असं वाटत नव्हतं. पण सांगणार कुणाला? आलिंग इस्काला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या सांपालोक वस्तीला कळेल.

बुधवारी कळलं की शूटिंग सुरू होऊन दोन दिवस झालेत. मला वाटलं, निरोप चुकला. नवा निळा पोशाख घातला आणि गेले. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "काय काम आहे, मानांग?" गावाकडच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मी म्हटलं, माझं शूटिंग आहे. त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सोडलं.

आत एका श्रीमंत घराचा दिवाणखाना उभा केला होता. पियानो, वेताच्या खुर्च्या. समोरच्या भिंतीवर मी. पांढऱ्या तेर्नोत, सव्वीसची, काळ्या चौकटीत. खाली दोन मेणबत्त्या आणि चौकटीला साम्पागिताच्या कळ्यांची ताजी माळ. एक काळ्या कपड्यातली पोर माझ्यापुढे गुडघे टेकून म्हणत होती, "इनाय, तू असतीस तर..."

इनाय. आई.

आधी मला काही कळलंच नाही. फोटो किती छान आलाय, एवढंच मनात आलं. मग माळ दिसली.

आम्बोने मला पाहिलं, 'कट' म्हणाला आणि धावत आला. "मिस रिएगो! मी येणारच होतो तुमच्याकडे."

"हे काय आहे?"

"मी काय सांगितलं होतं? एकही दृश्य तुमच्याशिवाय नाही. ती आईशी बोलते, बाप आईपुढे दारू पितो, शेवटी आग लागते तर पोरगी फक्त तसबीर घेऊन बाहेर येते. सगळं चित्र तुमच्यावरच आहे! दुसऱ्या कुणाचा चेहरा चालला नसता, खरंच."

सगळे बघत होते. दिवेवाले, रंगवाले, ती पोर. ओरडले असते तर म्हातारीने तमाशा केला म्हणाले असते. मी विचारलं, "मी कशाने मेले?"

"अं?"

"ही बाई. सव्वीसची. कशाने मेली?"

आम्बो लिहिणाऱ्याकडे बघायला लागला. लिहिणारा छताकडे. "ते... अजून ठरवलं नाही. गोष्टीत गरज पडत नाही."

"ठरवा," मी म्हटलं आणि निघाले. पुढच्या चौकापर्यंत ताठ चालले. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

कुया बर्तिंग मागून आला असता तर बरं झालं असतं. आला नाही.

६ ऑगस्ट

रेडिओची सासू आता दुसरीच बाई करते. माझ्यापेक्षा जाड आवाज. खाली आलिंग इस्का आणि तिच्या मैत्रिणी रोजच्यासारख्या ऐकत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "आज सासू काय खमकी बोलली!" बाई बदललीय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवसभर एक शब्द बोलले नव्हते. आवाज आहे का बघायला मोठ्याने माझं नाव घेतलं. पोलिंग म्हणाले, दालिसाय नाही.

१२ ऑगस्ट

ती पोर घरी आली. कोराली व्हेगा. पडद्यावर काय दिसते देव जाणे, इथे तर लांब मानेचं कोंबडीचं पिल्लू. अठराची असेल नसेल. खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

"तिता पोलिंग, माझ्यावर रागावू नका."

तिता! मावशी! मी म्हटलं, "मिस रिएगो म्हण."

"हो, तिता."

मग रडायला लागली. तिला त्या तसबिरीपुढे रडायचं आहे आणि रडताच येत नाही. आम्बो ओरडतो. डोळ्यांत औषधाचे थेंब घालतात तर ते सुजतात आणि शॉट फुकट जातो. "तो कागद आहे हो. मी बोलते आणि तो माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघतो."

"स्वतःची आई मेली असं समज. सगळ्या तेच करतात."

"माझी आई सेटच्या दाराशीच बसलेली असते. मी किती खाते त्याच्यावर लक्ष ठेवून. ती मेली असं मनात आणलं तर..." तिने रुमालाने नाक पुसलं. "तर मला हसू येतं, तिता. मग पाप लागतं म्हणून भीती वाटते."

मलाही हसू आलं. पण दाखवलं नाही.

"तुम्ही याल का? कॅमेऱ्याशेजारी नुसत्या उभ्या राहा. मी तुमच्याकडे बघून बोलेन. दिरेकला मी सांगते."

"मेलेली माणसं उभी राहत नाहीत. जा घरी."

ती गेली. खुर्चीवर तिचा रुमाल राहिलाय. धुऊन वाळत टाकलाय, उगाच ओला पडून कुजायला नको.

१५ ऑगस्ट

रुमाल द्यायला स्टुडिओत गेले.

आम्बो नाखूश होता, पण वेळ जात होता म्हणून गप्प बसला. मला कॅमेऱ्याच्या बाजूला एका खोक्यावर उभं केलं, तसबिरीचे डोळे जिथे यायला हवेत तिथे. भिंत आता मागे होती. तिथे मी होते आणि इथेही मीच.

कोराली गुडघ्यांवर बसली आणि वर बघितलं. "इनाय, उद्या बाबा त्या बाईला घरी आणणार आहेत. तुझी तसबीर उतरवायची म्हणतात. मी काय करू?"

मला हलायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. पण आतून काय काय वर आलं. इलोइलोची ती दुसरी बाई, खरं म्हणजे पहिली, का आठवली कोण जाणे. तिलाही मुली होत्या. मी फक्त बघत राहिले. पोरीचा चेहरा आधी घाबरला, मग सैल पडला आणि मग डोळ्यांतून पाणी आलं, कसलंही औषध नाही. ती ठरलेलं बोलली, आणि ठरलेलं नव्हतं तेही बोलली. म्हणाली, "मला कुणी विचारतच नाही गं." आम्बोने 'कट' म्हटलं नाही. दिवेवाल्याने टोपी काढली.

इतक्या वर्षांत एवढं चांगलं काम मी केलेलं नाही, हे मला तिथे उभ्याउभ्याच कळलं. आणि कॅमेऱ्याची पाठ माझ्याकडे होती.

मग टाळ्या पडल्या. सगळे कोरालीभोवती. एक माणूस मला म्हणाला, "बाई, जरा उतरता का? दिव्याला खोकं हवंय."

कोराली घोळक्यातून ओरडली, "तिता, उद्या याल ना?"

"बघते," म्हटलं.

पोरगी फार वाळलीय. सकाळी मूग शिजवणार आहेच, थोडे जास्त टाकते. मुद्दाम नाही, उरलं तर नेईन.

९ सप्टेंबर

रोज जाते. आज तिला मासे घातलेलं आंबट सार नेलं, तिने भांडं चाटून पुसून दिलं. तिची आई दाराशी बसून माझ्याकडे बघते, जणू मी काही चोरून नेतेय. आई म्हणून करायचं मी अजूनही कुणाला 'हो' म्हटलेलं नाही. एका मुलीला काम शिकवतेय, एवढंच. पण काल ती शिंकली तेव्हा मी तिच्या पाठीवर तेल चोळून दिलं. सवयीने असेल. कसल्या सवयीने, ते सांगता यायचं नाही.

२१ सप्टेंबर

शूटिंग संपलं. कोरालीने गळ्यात पडून सांगितलं, दर रविवारी येईन.

२२ सप्टेंबर, रविवार

पान्सित केलं. शेवया भिजून गेल्या. शेवटी आलिंग इस्काला दिलं.

६ ऑक्टोबर

आली नाही. कामात असेल.

२५ ऑक्टोबर

चित्र लागलं. मेलेल्यांचा दिवस जवळ आलाय, सगळं शहर थडगी रंगवतंय, तेव्हा आम्बोने मुहूर्त बरोबर साधला. दुपारच्या खेळाला एकटी गेले, डोक्यावर रुमाल बांधून. थिएटर हुंदक्यांनी भरलं होतं. मी खोक्यावर उभी होते ते दृश्य आलं. कोरालीचे डोळे पडदाभर झाले आणि त्या डोळ्यांत, बारीक, पांढरं काहीतरी दिसलं. दिवा असेल. मी असेन असं उगाच वाटून घेतलं.

२९ ऑक्टोबर

पेपरात आलंय. कोरालीची मुलाखत: "प्रत्येक शॉटच्या आधी मी स्वर्गीय दालिसाय रिएगोंच्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावत असे." पोरीला लिहून दिलेलं असणार. मलाही असंच लिहून द्यायचे. एकदा तर माझं एका स्पॅनिश सरदाराशी जमवलं होतं. तिच्यावर राग नाही. पण 'स्वर्गीय' शब्द वाचला तेव्हा आधी उठून तोंड धुऊन आले.

दुपारी आम्बो आला. ह्या वेळी केकचा डबा.

"कसं सुचलं म्हणता? प्रसिद्धीवाल्याने एकदाच लिहिलं, आणि लोकांनीच उचललं! तसबिरीतली बाई खरंच गेलीय म्हटल्यावर लोक दोन-दोनदा येताहेत."

"मी जिवंत आहे, आम्बो."

"आहात हो. फक्त थोडे दिवस बाजारात, चर्चमध्ये दिसू नका. मग पुढच्या चित्रात तुम्ही. बोलणारी, चालणारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोरालीची आई."

मी नेहमीसारखं नाही म्हणेन असं त्याला वाटलं असावं. तोंड तयार करून बसला होता.

"रोज तिच्याबरोबर शूटिंग असेल?" मी विचारलं.

"रोज."

मी हो म्हटलं.

१ नोव्हेंबर

सगळं शहर स्मशानात आहे. आलिंग इस्का तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर जेवण घेऊन गेली. जाताना जिन्यातून ओरडली, "तुझ्यासाठी पण एक मेणबत्ती लावू का?" एकटीच हसली. मग वर आली आणि म्हणाली, "अगं, थट्टा केली. चल ना बरोबर." मी नाही गेले. मला दिसायचं नाहीये.

खिडकीतून रस्ता बघत बसले. सगळ्या माणसांना कुणाकडे तरी जायचं होतं.

२ नोव्हेंबर

आलिंग इस्काला मासळीवालीने सांगितलं: तोंदोच्या सिगार कारखान्यातल्या बायकांनी आज सकाळी दालिसाय रिएगोच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनेचा मिस्सा ठेवलाय. लढाईनंतरपासून त्यांचं मंडळ आहे म्हणे माझ्या नावाचं. मला पत्ताच नव्हता. आलिंग इस्का म्हणाली, "जाऊ नकोस. जिवंतपणी आपला मिस्सा ऐकणं वाईट."

मी गेले. शेवटच्या बाकावर बसले.

तीस-चाळीस बायका असतील, धुतलेले पांढरे कपडे, बोटं तंबाखूने पिवळी. पुढे माझा तो जुना फोटो, पातळ कागदाचा, घडीवर फाटलेला, मागून चिकटवलेला. पाद्रीबाबांनी आज बऱ्याच मृतांची नावं वाचली. त्यात माझं आलं तेव्हा माझ्या बाजूची म्हातारी हमसून रडली. मी तिला म्हटलं, "ओळख होती का तुमची?"

"ओळख कुठली? पण तेव्हा माझं घर जळलं होतं, धाकटा गेला होता. आमच्याकडे काहीच नव्हतं गं, हिचा फोटो तेवढा होता. चेहऱ्याकडे बघून वाटायचं, उद्याला आंघोळ करावी, केस विंचरावेत." नाक पुसून म्हणाली, "तिचं कुणीच नव्हतं म्हणे. एकटीच गेली बिचारी."

मी गप्प राहायचं ठरवून आले होते. कोरालीची आई व्हायचं होतं मला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण ते 'एकटीच गेली' ऐकून राहवलं नाही.

"नाही गेली," मी म्हटलं. "मीच दालिसाय रिएगो."

पुढच्या बाकावरच्या दोघी वळल्या. एक म्हणाली, "थोडी दिसते खरी तशी. पण ती उंच होती." दुसरी म्हणाली, "अगं, दुःखाने होतं असं कुणाकुणाला. पाणी दे तिला." आणि खरंच मला पाणी दिलं.

मिस्सा संपल्यावर बाहेर झाडाखाली शेवया आणि कॉफी वाटत होत्या. तिथे त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई माझ्याकडे आली. आलिंग पासिंग म्हणतात तिला. मंडळ तिनेच काढलंय. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, कुया बर्तिंग वळवायचा तसा नाही, बाजारात मासा बघतात तसा.

"तूच आहेस," ती हळूच म्हणाली. "आत शिरलीस तेव्हाच ओळखलं. चाल बदलत नाही."

"मग सांगा ना त्यांना!"

"ऐक, पोरी. ह्या पहाटे उठून शेवया करून आल्यात. त्यातल्या निम्म्या तुझ्यासाठी रडत नाहीयेत. आपापल्या माणसांसाठी रडताहेत, घरी रडायला जागा नसते म्हणून. आजचा दिवस रडू दे. उद्या माझ्या घरी ये. तिथे मी सगळ्यांना सांगते."

मी तिच्याकडून बशी घेतली आणि स्वतःच्या मिस्साच्या शेवया खाल्ल्या. मीठ कमी होतं.

४ नोव्हेंबर

काल तोंदोला गेले. आलिंग पासिंगचं घर खाडीवर खांबांवर उभं आहे; फळीवरून जाताना तोल जातो. मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. पोरं पुढे पळत होती, "मेलेली बाई आली! मेलेली बाई आली!" घर भरलं, जिना भरला, खाली होड्यांतसुद्धा बायका उभ्या. आदल्या दिवशी मला पाणी देणाऱ्या दोघीही होत्या, लाजून मागे उभ्या.

मला वाटलं होतं, चित्रांबद्दल विचारतील. कुणी नाही विचारलं. विचारलं ते, जेवलीस का, कुठे राहतेस, कपडे कोण धुतं. एकीने विचारलं, "मुलं?" मी नाही म्हटलं. ती "हं," म्हणाली आणि तिचं तान्हं माझ्या मांडीवर ठेवून कॉफी करायला गेली. खूप वेळ आलीच नाही.

आज सकाळी आम्बोचा निरोप आला: सगळीकडे बोभाटा झालाय, तुम्ही शब्द मोडलात, ती भूमिका आता विसरा. मी सांगितलं, विसरले. विसरले नाही. कोरालीकडून काही निरोप नाही. दुपारपर्यंत जिन्यावर पाऊल वाजलं की कान टवकारत होते.

काल निघताना आलिंग पासिंगच्या सहा वर्षांच्या नातीने माझ्याकडे टक लावून बघितलं. म्हणाली, "तू खरी आहेस का?" मी म्हटलं, "तूच बघ." तिने दंडाला चिमटा काढला. मी "आई गं!" म्हणून ओरडले आणि सगळं घर हसलं, मग मीही.

आज बघितलं तर दंड काळानिळा झालाय. हात लावला की दुखतो.